आंतरराष्ट्रीय कंठ : एक आक्षेप

काही वर्षांपूर्वी संगीत नाटकावरील एका चर्चासत्रात एका विद्वान मित्राने निबंध वाचला. निबंध परिश्रमपूर्वक लिहिलेला होता आणि त्याचा सूर खंतीचा होता. मराठी संगीत नाटक आणि युरोपीय ऑपेरा ही एकाच कुळातील भावंडे. परंतु ऑपेराचे गायक मिलान, व्हिएन्ना, लंडन, न्यूयॉर्क असा संचार करीत जगाचे झाले आणि आमचे गंधर्व पुणे, मुंबई, नागपूर, इंदूर, बडोदे या फेऱ्यातच राहिले. कारण आमचे गाणे शब्दाला जखडलेले होते, त्यांचे शब्दाच्या वर उठले, असा त्या प्रतिपादनाचा इत्यर्थ. श्रोत्यांना तो मानवला. मी एकच प्रश्न विचारला : मारिया कॅलासने इझोल्डेची भूमिका कोणत्या भाषेत गायिली? प्रश्न विषयाला सोडून आहे असे अध्यक्षांचे मत पडले; शिवाय चहाची वेळही झाली होती.

प्रश्न विषयाला सोडून नव्हता. ‘आंतरराष्ट्रीय’ हे विशेषण आपल्या समीक्षेत गेली काही दशके गुणवाचक म्हणून वावरते आहे. वस्तुतः ते स्थलवाचक आहे. गायक कोठे कोठे गायिला एवढेच ते सांगते. कसा गायिला, कोणासाठी गायिला आणि ऐकणाऱ्याला त्यातले काय कळले, याविषयी ते मौन पाळते. साहित्यात हा घोटाळा आपण रोज पाहतो. एखाद्या कादंबरीचे पाचसात भाषांत अनुवाद झाले की तिची इयत्ता आपोआप वाढते. पण साहित्यातला घोटाळा ओळखणारे लोकही संगीताकडे वळले की बिचकतात आणि सूर हा सीमातीतच असतो अशी समजूत करून घेतात. ऑपेरा हा या समजुतीचा सर्वांत मोठा आधार. म्हणून त्याच्याच इतिहासाची साक्ष काढणे बरे.

ऑपेराच्या गायकाने परदेशी जाणे ही विसाव्या शतकाची देणगी नव्हे. फारिनेल्ली हा इटालियन गायक १७३४ साली लंडनला गेला आणि १७३७ साली माद्रिदला. तेथे तो वीस वर्षांहून अधिक काळ स्पेनच्या दरबारी राहिला. सार्वजनिक रंगमंच मात्र त्याने सोडला. १८२५ साली मान्वेल गार्सिया हा स्पॅनिश गायक आपले अख्खे बिऱ्हाड घेऊन न्यूयॉर्कला उतरला. सोबत पत्नी, मुलगा आणि पुढे मालिब्रान या नावाने गाजलेली सतरा वर्षांची मुलगी मारिया. या मंडळींनी तेथे रोसिनीचा ‘सेव्हिलचा न्हावी’ मूळ इटालियनमध्ये केला. योगायोग असा की मोझार्टच्या तीन ऑपेरांची संहिता लिहिणारा लोरेन्झो दा पोन्ते त्या वेळी त्याच शहरात उतारवयात इटालियन शिकवीत होता. १८२६ साली गार्सियाच्या मंडळीने त्याचा ‘दोन जोव्हान्नी’ही सादर केला. म्हणजे प्रवास होता. पण जात होती ती मंडळी, एकटा गळा नव्हे, आणि पलीकडच्या तीरावर संहितेचा कर्ता स्वतः उभा होता! आमच्या नाटक मंडळ्या बैलगाड्या आणि रेल्वेच्या डब्यांतून पडदे, पेट्या, आचारी यांच्यासह फिरत, त्याहून हे फार वेगळे नव्हे.

कारुसोचीही गोष्ट तशीच. १९०२ च्या एप्रिलमध्ये मिलानमधील एका हॉटेलच्या खोलीत त्याने आपल्या पहिल्या ध्वनिमुद्रिका गायिल्या आणि पुढच्या वर्षी तो न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटनवर उभा राहिला. तबकडीने त्याला जगभर पोहोचविले हे खरे. पण देहाने तो त्या एका रंगमंचाला सतरा वर्षे बांधून राहिला आणि तेथे आठशेहून अधिक प्रयोग गायिला. त्याला आंतरराष्ट्रीय म्हणणाऱ्यांनी हा मुक्काम मोजावा.

आता कॅलास. तिचा जन्म १९२३ साली न्यूयॉर्कमध्ये, ग्रीक आईबापांच्या पोटी. १९३७ साली ती आईबरोबर अथेन्सला गेली आणि एल्व्हिरा दे इदाल्गो या स्पॅनिश गायिकेपाशी शिकली. शत्रूच्या फौजांनी व्यापलेल्या, उपासमारीने गांजलेल्या त्या शहरात तिच्या पहिल्या मोठ्या भूमिका झाल्या. १९४२ साली तिने पुच्चिनीची ‘तोस्का’ केली ती ग्रीक भाषेत. १९४४ साली बेथोव्हेनच्या ‘फिदेलिओ’मधील लिओनोरे केली तीही ग्रीक भाषेत. अन्यायाने तुरुंगात डांबलेल्या नवऱ्याला सोडविणाऱ्या स्त्रीची ती कथा, आणि समोरचे लोक स्वतःच पारतंत्र्यात. त्या प्रयोगाला कोणी ‘स्थानिक’ म्हणून बाजूस सारणार असेल तर त्याने खुशाल सारावे.

१९४७ च्या उन्हाळ्यात ती व्हेरोनाला गायिली आणि तुल्लिओ सेराफिन या वाद्यवृंदसंचालकाने तिला हाताशी धरले. त्याच वर्षाअखेर व्हेनिसच्या फेनिचे नाट्यगृहात ती वाग्नरची इझोल्डे झाली. माझ्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे : ती इझोल्डे इटालियन बोलत होती. १९४९ च्या जानेवारीत तिने त्याच नाट्यगृहात वाग्नरची ब्रुनहिल्डे गायिली आणि दुसरी गायिका आजारी पडल्यामुळे काही दिवसांतच बेल्लिनीच्या ‘पुरितानी’मधील एल्व्हिराही. एक भूमिका भाला पेलणाऱ्या वीरकन्येची, दुसरी फिरकतींनी नटलेली नाजूक. त्या आठवड्याचा चमत्कार संगीताचे इतिहासकार आवर्जून सांगतात. परंतु ब्रुनहिल्डेही इटालियनमध्येच होती, हे सांगताना त्यांचा आवाज खाली येतो. जणू ती बालपणीची एखादी चूक. मला ती चूक वाटत नाही. मला तो पाया वाटतो. कॅलासच्या गाण्यात स्वरावलीइतकीच संवादसदृश गद्यप्राय गायनाला किंमत आहे. ‘नोर्मा’च्या आरंभीच्या ओळी ती जशा टाकते त्यात वाक्याचा कर्ता कोण, कर्म कोण, हे कळते. ही सवय कोठून आली? समोर बसलेल्या माणसाला प्रत्येक शब्द कळतो आहे आणि आपण खोटे बोललो तर तो पकडणार आहे, अशा सभेत वाढलेल्या गायिकेलाच ती लागते.

आणि तिची पुढची वर्षे? १९५१ च्या डिसेंबरपासून काही वर्षे ला स्काला हे तिचे घर होते. तिचे सर्वोत्तम काम तेथले, त्याच त्या संचात, महिनोन्महिने तालीम करून झालेले. ज्या काळात वृत्तपत्रांनी तिला जगाची केले तो काळ तंट्यांचा आणि थकव्याचा आहे. १९५८ च्या जानेवारीत रोममध्ये इटलीच्या राष्ट्राध्यक्षांसमोर पहिल्या अंकानंतर तिला ‘नोर्मा’ सोडून द्यावी लागली. त्याच वर्षी न्यूयॉर्कने तिचा करार मोडला. आणि १९६५ च्या जुलैत लंडनमध्ये ‘तोस्का’ करून तिने ऑपेराचा रंगमंच सोडला. वय एकेचाळीस. विमान आणि वृत्तपत्र यांनीच तिचा गळा खाल्ला असे मी म्हणणार नाही; त्याची इतरही कारणे होती. पण कीर्तीचा नकाशा जसजसा रुंदावला तसतशी कामाची खोली वाढत गेली, असे तिचा कोणताही प्रामाणिक चरित्रकार दाखवू शकणार नाही.

हा सारा बदल जेथे स्पष्ट दिसतो ते शहर व्हिएन्ना. युद्धानंतर मूळ ऑपेरागृह उद्ध्वस्त झालेले असताना दुसऱ्या एका जुन्या नाट्यगृहात दहा वर्षे तेथील संच मोझार्ट गात होता : झेफ्रीड, युरिनाच, कुन्त्स, डेर्मोटा. एकमेकांचा श्वास ओळखणारी माणसे. व्हेर्दी आणि पुच्चिनीही तेथे बहुधा जर्मनमध्येच होत. १९५६ साली हेर्बर्ट फॉन कारायान संचालक झाला. मिलानशी देवघेव सुरू झाली आणि इटालियन ऑपेरे इटालियनमध्ये गाण्याचा दंडक आला. १९६३ च्या नोव्हेंबरात ‘ला बोएम’ व्हायची होती. पाहुण्या गायकांसाठी इटलीहून प्रॉम्प्टर आणला, त्यावरून कामगार संघटनेने हरकत घेतली, आणि प्रेक्षक येऊन बसले असता प्रयोग रद्द झाला. प्रॉम्प्टरसाठी पडदा न उघडण्याचा हा प्रसंग वाचून आपल्याकडील नाट्यरसिकांना हसू येईल. मला मात्र तो विसाव्या शतकातील ऑपेराचा सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग वाटतो. शब्द कोणाचा, याच प्रश्नावर गाडे अडले होते. फक्त त्याला वेतनाच्या आणि परवान्याच्या भांडणाचे रूप आले होते.

मूळ भाषेच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. संगीतकाराने स्वर बांधला तो विशिष्ट स्वरवर्णावर. अनुवादात ‘आ’च्या जागी ‘इ’ आला की टेनरचा वरचा षड्ज आवळतो. हे मला मान्य आहे. पण दंडक पडला तो केवळ या कारणाने नव्हे. एकच भूमिका एकाच भाषेत पाठ असली की ती तीन खंडांत विकता येते. मोठी ऑपेरागृहे तीनचार वर्षे अगोदर करार करतात, गायक ठरल्या दिवशी उतरतो आणि जुन्या प्रयोगाची पुनरावृत्ती असेल तर थोडक्या तालमींवर उभा राहतो. ज्या गळ्याशी करार झाला तोच गळा चार वर्षांनी हजर असेल याची हमी कोणी द्यायची? या व्यवहाराला मूळ भाषेची निष्ठा हे फार सोज्वळ नाव मिळाले. मूळ भाषेच्या अतिनिष्ठांनी यानाचेकची आठवण ठेवावी. मोरावियाच्या बोलीतून ज्याने आपले स्वर वेचले, त्याचा ‘येनूफा’ १९०४ साली ब्रनो येथे झाला, आणि त्या सीमांबाहेर तो गेला तो १९१८ साली व्हिएन्नात, माक्स ब्रोडच्या जर्मन अनुवादातून.

शब्द गेला आणि त्याची उणीव भासू लागली, तेव्हा १९८३ साली टोरोंटो येथे ‘इलेक्ट्रा’च्या प्रयोगात रंगमंचाच्या वरच्या चौकटीवर अनुवादाच्या ओळी झळकविण्यात आल्या. ही सोय आज जगभर आहे आणि तिचा उपयोग मी नाकारीत नाही. पण तिने घडविलेला श्रोता पाहावा : तो विनोद गायकाच्या आधी वाचतो, गायकाच्या आधी हसतो.

येथे माझ्यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. घरची सभा, घरची भाषा, घरचा संच यांचे मी गोडवे गातो; पण ज्यांना घरातच दार बंद होते त्यांचे काय? मेरियन अँडरसनचे उदाहरण घ्या. फिलाडेल्फियात १८९७ साली जन्मलेल्या या काळ्या गायिकेला आपल्याच गावच्या संगीतशाळेने वर्णावरून परत पाठविले. तिला मान मिळाला तो युरोपात. १९३९ साली वॉशिंग्टनच्या कॉन्स्टिट्यूशन हॉलचे दार बंद झाले, तेव्हा ९ एप्रिल रोजी लिंकनच्या स्मारकाच्या पायऱ्यांवर ती गायिली आणि पंचाहत्तर हजार माणसांनी ते ऐकले. मेट्रोपोलिटनवर तिला पाऊल ठेवता आले ते १९५५ च्या जानेवारीत, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, आणि तेही व्हेर्दीच्या एका ऑपेरातील जोगिणीच्या छोट्या भूमिकेत. दोन वर्षांनी आशियाच्या दौऱ्यात ती भारतातही येऊन गेली. आपल्या सरकारच्या वतीने, जगाला अमेरिकेतील समतेची ग्वाही देण्यासाठी! लिओन्टिन प्राइसलाही व्हिएन्ना १९५८ साली, मिलान १९६० साली आणि मग १९६१ साली मेट्रोपोलिटन. तिच्या पहिल्या प्रयोगानंतर तेथे टाळ्यांचा गजर चाळीस मिनिटांहून अधिक काळ चालला, आणि तो गजर करणाऱ्यांच्याच देशात सहा वर्षांपूर्वी तिची ‘तोस्का’ दूरचित्रवाणीवर दाखविण्यास दक्षिणेकडील काही केंद्रांनी नकार दिला होता.

या दोघींच्या बाबतीत परदेश हे भूषण नव्हते. तो आसरा होता. दलित लेखनाला महाराष्ट्राबाहेर जी दाद मिळाली तिच्याविषयी आपण ज्या जबाबदारीने बोलले पाहिजे, त्याच जबाबदारीने येथे बोलले पाहिजे. माझा आक्षेप आसरा घेणाऱ्यावर नाही. आसऱ्याच्या जागेला सिंहासन समजणाऱ्यांवर आहे. अँडरसनचे चरित्र ‘आंतरराष्ट्रीय यश’ म्हणून सांगितले की ज्यांनी दार लावले त्यांची सुटका होते. शिवाय तिच्या आयुष्यातले दोन मोठे दिवस, १९३९ चा आणि १९५५ चा, दोन्ही मायदेशातले.

उलट प्रकारचे उदाहरण फ्रिट्स वुंडरलिखचे. जर्मनीचा हा टेनर स्टुटगार्ट, म्युनिक, व्हिएन्ना अशा जर्मन भाषक नगरांतच मुख्यतः गायिला. व्हेर्दी, पुच्चिनी, चैकोव्हस्की हेसुद्धा जर्मनमध्ये. १९६६ च्या सप्टेंबरात, मेट्रोपोलिटनवरील पहिल्या प्रयोगाला काही आठवडेच उरले असता, जिन्यावरून पडून तो गेला. छत्तिसावे वर्षही पुरे झाले नव्हते. न्यूयॉर्कच्या मापाने हा गायक उंबरठ्यावरच राहिला. पण त्याच्या ध्वनिमुद्रिका ऐकलेल्या माणसाला त्याची थोरवी पटवून द्यावी लागत नाही.

माझ्या विद्वान मित्राच्या निबंधाचा कळस होता तो अर्थात ७ जुलै १९९० ची रात्र. रोममधील काराकाल्लाच्या प्राचीन स्नानगृहांचे भग्नावशेष, दुसऱ्या दिवशी विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना, पाव्हारोत्ती, दोमिंगो आणि कारेरास हे तीन टेनर आणि संचालनाला मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता. मेहतांच्या नावामुळे त्या कीर्तीत आपलाही वाटा आहे असे आमच्या वृत्तपत्रांना वाटले. कारेरास रक्ताच्या कर्करोगातून नुकताच वाचला होता. तेव्हा त्या रात्री खरा आनंदही होता, हे नाकारणे कृपणपणाचे ठरेल. पण तेथे जे गाणे शिखरावर होते ते पुच्चिनीच्या ‘तुरान्दोत’मधले आहे. त्याची कथा अशी : परक्या राजपुत्राचे नाव सकाळपर्यंत कळले नाही तर प्राण घेतले जातील, म्हणून पेकिंगमध्ये आज कोणी झोपायचे नाही, अशी राजकन्येची आज्ञा आहे. राजपुत्र आपल्या उद्याच्या विजयाची खात्री गातो आणि त्याच गाण्यात, पडद्याआडून, नगरातल्या स्त्रिया आपल्याला मरावे लागणार असे गातात. पुढे त्याच नावापायी दासी लिऊ छळाखाली स्वतःचा जीव घेते. राजपुत्राच्या विजयाला ही किंमत आहे आणि ती दुसऱ्यांनी द्यायची आहे. फुटबॉलच्या मैदानावर त्या स्त्रियांचे शब्द कोणाला ऐकू आले? उरला तो एक उंच स्वर आणि जिंकण्याची भाषा. शब्दाच्या वर उठणे ते हेच असेल, तर ते उठणे नव्हे, ते बहिरेपण होय.

पाव्हारोत्तीविषयी मला आकस नाही. १९६१ साली रेज्जो एमिलिया या छोट्या गावी ‘ला बोएम’ने ज्याने सुरुवात केली, त्याच्या आवाजात इटालियन भाषा लख्ख ऐकू येई. म्हणूनच पुढचे वाईट वाटते. शिकागोच्या ऑपेरागृहाने १९८९ साली त्याच्याशी संबंध तोडले. ठरलेल्या ४१ प्रयोगांपैकी २६ त्याने रद्द केले होते. २००६ साली तुरिनच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्याने तेच ‘तुरान्दोत’मधले गाणे सादर केले. आवाज आधी ध्वनिमुद्रित केलेला होता, हे त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या संचालकानेच सांगितले. वय, प्रकृती, थंडी यांचा विचार करता त्या वृद्ध कलावंताला दोष देववत नाही. पण जगाने ऐकलेले त्याचे ते शेवटचे मोठे गाणे प्रत्यक्ष गायिलेलेच नव्हते, आणि ते कोणाच्या ध्यानातही आले नाही.

गेल्या काही वर्षांत तर या आंतरराष्ट्रीयतेचे कागद उघडे पडले. २०२० च्या साथीत मेट्रोपोलिटनने आपल्या वाद्यवृंदाला आणि समूहगायकांना अनेक महिने वेतन दिले नाही. गावोगाव फिरणाऱ्या गायकांचे करार एका कलमाच्या आधारे रद्द झाले. तर जर्मनीतील अनेक नगरनाट्यगृहांच्या कायम संचातील गायक निदान पगारावर राहिले. २०२२ साली रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर आन्ना नेत्रेब्को या जगद्विख्यात सोप्रानोला न्यूयॉर्कने दूर केले, जरी २००६ पासून तिच्याकडे ऑस्ट्रियाचे नागरिकत्व होते. युरोपातील काही रंगमंच त्याच वर्षी तिला पुन्हा खुले झाले. त्यात कोणाचे चुकले हा प्रश्न येथे नको. सीमातीत म्हणवणारा गळा किती सीमांच्या परवानगीने फिरत होता, तेवढे मात्र दिसले.

मग आपल्या माणसांनी त्या वाटेने जाऊच नये काय? असे मी म्हणत नाही. पॅट्रिशिया रोझारिओ या मुंबईत जन्मलेल्या, गोमंतकीय कुळातील सोप्रानो लंडनला शिकल्या आणि तेथेच स्थिरावल्या. त्यांच्या कारकिर्दीची नोंद मी त्यांच्या प्रवासावरून करणार नाही. जॉन टॅव्हनरसारख्या संगीतकाराने त्यांचा कंठ मनात धरून नव्या रचना केल्या, १९९२ सालच्या त्याच्या ‘मेरी ऑफ इजिप्त’मध्ये त्यांनी नायिका साकारली, आणि २००९ पासून त्या भारतात येऊन तरुणांना हे गायन शिकवू लागल्या, नोंद घ्यायची ती याची. मुंबईचे ऑपेरा हाउस २०१६ साली पुन्हा उघडले तेव्हा तेथे त्याच गायिल्या. त्याच रंगमंचावर एके काळी बालगंधर्वही गायिले होते.

म्हणून शेवटी त्या पुणे-मुंबई-नागपूर-इंदूर-बडोदे फेऱ्याकडे. १८८० साली पुण्यात किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ झाल्यापासून अर्धशतक त्या गावांतल्या प्रेक्षकाने आपल्या गायकाला ‘वन्समोअर’ दिला तो पदातला शब्द कळल्यामुळे. आमचे गाणे शब्दाला जखडलेले राहिले, हे तर इतिहासालाच धरून नाही. उत्तरकाळात पद मागे पडले, आलाप-ताना पुढे आल्या, एकेका पदाला तीनतीन वन्समोअर पडून नाटक पहाटेपर्यंत लांबू लागले, आणि दुष्यंत शकुंतलेला काय म्हणतो हे ऐकायला कोणी थांबेना. बोलपट येऊन उभा राहिला तेव्हा संगीत नाटक शब्दापासून सुटलेलेच होते. त्या सुटलेल्या गाण्याने तरी मुंबईबाहेरचा समुद्र ओलांडायला हवा होता. त्याने तो ओलांडला नाही. आणि १९३५ साली बालगंधर्व स्वतःच ‘धर्मात्मा’च्या पडद्यावर दिसले.